रायफलीचाही डावा-उजवा हात

वसई, प्रतिनिधी

शंभर माणसांत साधारण दहाजण डावखुरे असतात. कात्रीपासून वर्गातील लिहिण्याच्या खुर्चीपर्यंत बहुतेक वस्तू उजव्या हातासाठी घडवलेल्या असल्याने त्यांना जुळवून घेण्याची सवय लागते. पण हातातील वस्तू रायफल असेल तर? एनसीसीच्या छात्रांना सरावासाठी मिळणाऱ्या पॉइंट बावीस रायफलीचा बोल्ट उजव्या बाजूला असतो आणि प्रत्येक गोळीनंतर तो हाताने मागे ओढावा लागतो. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्या छात्राची पकड दर वेळी मोडते. सरावात त्याचे गुण कमी होतील, एवढेच. सीमेवरच्या जवानाला मात्र ते दोन-तीन सेकंद महागात पडू शकतात.

स्वयंचलित रायफलीतही पहिले काडतूस नळीत नेण्यासाठी बोल्ट एकदा हाताने मागे खेचून सोडावा लागतो. ज्या मुठीने तो खेचतात, तिला आपल्या सैन्यात ‘कॉकिंग हँडल’ म्हणतात. पुढचे काम रायफल गोळीमागच्या वायूच्या दाबावर स्वतःच करते. परंतु काडतूस अडकले की पुन्हा या मुठीलाच हात घालावा लागतो. तिचे काम थोडे असले तरी ते बहुधा संकटाच्या क्षणीच पडते.

बाजू कोणती?

ही मूठ कोठे असावी, यावर जगात एकमत नाही. भारतीय सैन्यातील जुन्या ‘एसएलआर’ची मूठ डावीकडे होती. पुण्याच्या आयुध संशोधन व विकास संस्थेने, म्हणजेच ‘एआरडीई’ने, विकसित केलेली आणि १९९० च्या दशकात सैन्यात दाखल झालेली ‘इन्सास’ही तशीच. यामागचा विचार असा, की उजवा हात चापावरच राहावा आणि मोकळ्या डाव्या हाताने मूठ ओढावी. डावखुऱ्या जवानाचे गणित मात्र उलटे होते. त्याचा डावा हात चापावर गुंतलेला असतो आणि उजवा हात रायफलीच्या वरून किंवा खालून पलीकडे न्यावा लागतो. रशियन ‘एके’ घराण्यात मूठ उजवीकडे आहे. अमेठीजवळ कोरवा येथे बनणारी ‘एके-२०३’ याच घराण्यातली. तेथे हाताची अडचण उजव्यांना सोसावी लागते.

ब्रिटिश सैन्यात १९८५ मध्ये आलेली ‘एल-८५’ हे याचे टोकाचे उदाहरण. तिची उजवीकडील मूठ गोळीबारात बोल्टबरोबर मागेपुढे होते आणि टरफलेही त्याच बाजूने उडतात. डाव्या खांद्याला लावली तर हे सारे तोंडावरच येणार. म्हणून डावखुऱ्या ब्रिटिश सैनिकालाही ती उजव्या खांद्यावरूनच चालवायला शिकवले जाते.

यावर तीन तऱ्हेचे उपाय निघाले. भारताच्या विशेष दलांनी वापरलेल्या इस्रायली ‘टॅव्हर’मध्ये मूठ काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते. जर्मन ‘जी-३६’मध्ये ती वर मधोमध असून दोन्हीकडे वळते. अमेरिकन ‘एआर’ घराण्यात ती मागच्या टोकाला इंग्रजी ‘टी’च्या आकाराची असते. भारताने २०१९ मध्ये मागवलेल्या ७२,४०० ‘सिग-७१६’ रायफली याच कुळातील.

खरी परीक्षा पिनेची

‘टी’ आकाराची मूठ दोन्ही हातांना सारखीच सोयीची वाटते. पण मूळ ‘एआर’ रचनेत ती सोडवणारी खिटी फक्त डाव्या पंखाला होती. उजवीकडेही एक खिटी लावली की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अवघड भाग तेथूनच सुरू होतो.

घरातील रुंद ड्रॉवर एकाच कडेला धरून ओढून पाहावा. तो सरळ न येता तिरका होतो आणि अडकतो. मुठीचेही तसेच होते. मधोमध ओढली तर सारा जोर दांड्यावर सरळ येतो. एका पंखाला धरून ओढली की दांडा वाकू पाहतो आणि खिटीच्या बारीक पिनेवर मोठा ताण येतो. रायफलीवर दुर्बीण बसवली की दोन्ही पंखांवर बोटे ठेवणे कठीण होते, त्यामुळे एकाच बाजूने ओढण्याची सवय वाढते. म्हणून चांगल्या रचनेत पिन केवळ खिटी फिरवण्यापुरती ठेवतात. ओढण्याचा जोर खिटी थेट दांड्याच्या खांद्यावर टेकवते. खिटी लांब केली तर बोटांना सोपी जाते, पण ताण वाढतो आणि ती पट्ट्यात किंवा कपड्यात अडकते. यातला मध्य गाठणे हे रचनाकाराचे कसब.

धातूची निवडही तितकीच महत्त्वाची. अॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश. त्यातही जस्त मिसळलेला ‘७०७५’ मिश्रधातू नेहमीच्या ‘६०६१’पेक्षा जवळजवळ दुप्पट ताण सोसतो. घर्षण सोसण्यासाठी त्यावर कठीण अॅनोडायझिंग करतात. हा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका असतो. टोकदार कडांवर तो टवके होऊन उडतो, म्हणून कडा गोलावतात. गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत डाय आणि सुटे भाग घडवणाऱ्यांना यातले काहीच परके नाही. मात्र शस्त्राचा भाग म्हटला की १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवाना लागतो.

मागणी आधी नोंदवावी

‘एआरडीई’चे काम पुढे सुरूच आहे. हैदराबादच्या एका खासगी कंपनीसह विकसित केलेली ७.६२ मिलिमीटरची ‘उग्रम’ रायफल जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सादर झाली. नव्या शस्त्राकडून काय हवे, याचा तपशील सैन्य आधी ठरवते आणि चाचण्या त्यानुसार होतात. दोन्ही हातांची सोय त्याच वेळी मागितली, तर तिचा खर्च थोडा असतो. रायफल तयार झाल्यावर मूठ हलवायची म्हणजे सांगाडाच बदलावा लागतो.

ही सोय केवळ दहा टक्क्यांसाठी आहे, असेही नाही. भिंतीच्या डाव्या कोपऱ्याआडून गोळी झाडणाऱ्या उजव्या जवानालाही रायफल डाव्या खांद्याला लावावी लागते. आणि ज्याचा एक हात जखमी झाला आहे, त्याला उरलेल्या हाताने जे जमेल तेवढ्यावरच भागवावे लागते. त्या क्षणी मूठ कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न त्याला पडू नये.