धानाच्या मुलखातील मधुमेहाची गोळी

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून विभक्त झालेल्या गोंदिया जिल्ह्याचा लौकिक धानाचा आणि तलावांचा मुलूख म्हणून आहे. परंतु आमगाव, गोरेगाव किंवा अर्जुनी मोरगाव येथे बाजाराच्या दिवशी औषधांच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहावे, म्हणजे एके काळी श्रीमंतांचे दुखणे समजल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या राईस मिलचा मालक, तिथलाच हमाल, पेन्शनर गुरुजी आणि विड्या वळणारी बाई हे सारे सारख्याच सहजतेने मागत असल्याचे दृष्टीस पडते. दुकानदार विचारतो, "कोणती?" उत्तर येते, "तीच, शुगरची." मग कात्रीने स्ट्रिप कापली जाते आणि पाच गोळ्यांचा जो तुकडा घरी येतो, त्यावर औषधाचे अर्धेच नाव उरते, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर दुकानातच राहून जाते.

ही 'शुगरची' गोळी एक नाही. तिच्यात प्रायः दोन औषधे असतात आणि त्यांचे स्वभाव परस्परांहून सर्वथा भिन्न आहेत. मेटफॉर्मिन हे मुख्यतः यकृतातून रक्तात उतरणाऱ्या साखरेस आवर घालते; एकटे घेतले असता ते साखर सहसा फाजील खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचे तसे नव्हे. ते स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास भाग पाडते आणि हा हुकूम बजावताना माणसाने जेवण केले आहे किंवा नाही याची चौकशी ते करीत नाही. या औषधाच्या कुळाचा शोधही अशाच अपघातातून लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे: १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे विषमज्वराच्या रुग्णांवर एका नव्या सल्फा औषधाचा प्रयोग चालला असता त्यांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचे मार्सेल जांबों या वैद्याच्या लक्षात आले. म्हणजे गुण आणि धोका हे दोन्ही एकाच वेळी उघडकीस आले. संयुक्त गोळीच्या नावापुढे जो १ किंवा २ हा आकडा असतो, तो बहुधा या ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगणारा असतो. दिवसातून किती वेळा घ्यावयाची, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

डॉक्टर ही गोळी न्याहारीच्या अगोदर किंवा न्याहारीबरोबर घ्यावयास सांगतात, आणि शहरातील नोकरदाराच्या बाबतीत तेवढी सूचना पुरेशी होते. परंतु मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामासाठी जो मनुष्य उजाडण्यापूर्वीच जंगलात शिरतो, पाने तोडून ऊन चढल्यावर परततो आणि मग पुडे बांधावयास बसतो, किंवा आषाढ-श्रावणात जी स्त्री रोवणीसाठी दिवसभर चिखलात वाकलेली असते, त्यांच्या दिवसात न्याहारी नेमकी कोठे बसते, हे चिठ्ठी लिहिताना बहुधा विचारले जात नाही आणि रुग्णही संकोचाने सांगत नाही. गोळी घेतली, भाकर किंवा भात राहिला आणि अंगमेहनत मात्र दुप्पट झाली, की साखर घसरते. तेव्हा आपल्या कामाची व जेवणाची खरी वेळ, हंगामातील बदल आणि नवरात्रादी उपवास डॉक्टरांस सांगून त्यांच्याकडून वेळेची व मात्रेची तजवीज करून घेणे हा औषधोपचाराचाच भाग होय. माझ्या मते पथ्याच्या लांबलचक याद्यांपेक्षा याचे मोल अधिक आहे.

दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, अकस्मात भूक, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे, ही साखर उतरल्याची चिन्हे होत. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असता सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात कालवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर जेवू घालावे. येथे एक बारकावा आहे. संयुक्त गोळीत व्होग्लिबोझ हे तिसरे औषध असेल, तर ते घरातील साखरेचे पचन रोखून धरते, त्यामुळे गूळ-साखरेने गुण येण्यास विलंब लागतो. अशा घरी ग्लुकोजची पूड हाताशी असलीच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वृद्ध व मूत्रपिंडाच्या रुग्णांत साखर पुन्हापुन्हा उतरू शकते, म्हणून शुद्ध आली तरी त्यांस रुग्णालयात नेणेच इष्ट.

मेटफॉर्मिनचे दोष निराळे. आरंभी पोट बिघडते. जेवणाबरोबर घेतल्याने ते बरेच टळते. सावकाश विरघळणारी गोळी चावू अथवा कुटू नये. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिनची तपासणी करावी, आणि मूत्रपिंडाचे कार्य फार घटले असेल तर ते वर्ज्य ठरते. उन्हाळ्यात हगवण-वांत्या लागून शरीर कोरडे पडले असता ही गोळी तात्पुरती थांबवावी लागते. ती केव्हा थांबवावी आणि केव्हा सुरू करावी, हे डॉक्टरांस आधीच विचारून ठेवावे. नागपूरला जाऊन शिरेत औषध टोचून सीटी स्कॅन करवून घ्यावयाचा असेल, तर या गोळीचा उल्लेख तेथे अवश्य करावा. मोहाची दारू दोन्ही औषधांशी वैर धरते: एकाबरोबर साखर पाडते, दुसऱ्याबरोबर रक्तातील आम्ल वाढवण्याचा धोका आणते. मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळच्या सेवनाने बी-१२ जीवनसत्त्व घटते आणि पायांच्या मुंग्यांचा दोष मात्र मधुमेहावर जातो.

सरकारी दवाखान्यात एका नावाने आणि खाजगी डॉक्टरकडे दुसऱ्या नावाने मिळालेले एकच औषध दुहेरी घेतले जाण्याचा प्रमादही घडतो. मधुमेह 'मुळासकट घालवणाऱ्या' चूर्णांविषयी तर काय बोलावे. अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी औषधे गुपचूप मिसळल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत.

या भागापुरती आणखी एक बाब राहते. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. तीन महिन्यांतील साखरेच्या सरासरीचा म्हणून जो एचबीए१सी अहवाल प्रमाण मानला जातो, तो तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असतो. सिकलसेलच्या रुग्णात त्या पेशी अल्पायुषी असल्यामुळे आकडा वास्तवाहून कमी दिसतो, आणि वाहकांमध्येही काही यंत्रांवर तो चुकू शकतो. उलट, लोहाच्या अभावाने झालेल्या पंडुरोगात तोच आकडा वाढीव येऊ शकतो. अशा चुकीच्या आकड्यावर गोळीची मात्रा ठरली, तर ती एकास अपुरी आणि दुसऱ्यास अतिरिक्त होणार. म्हणून २०१६ साली सुरू झालेल्या गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जा की गावच्या आरोग्य केंद्रात, गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपांबरोबर सिकलसेल तपासणीचा कागदही डॉक्टरांपुढे ठेवावा. म्हणजे ते घरी मोजलेल्या साखरेच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामिनची तपासणी यांच्या आधारे मात्रा ठरवतील.