कायदा बदलला, कान बदलायचे आहेत
कुर्दी गायिका आयनूर दोआन हिची कहाणी

ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली त्याच भाषेतले गाणे छापले किंवा त्याची कॅसेट काढली, तर तो गुन्हा ठरतो अशी कल्पना करून पाहा. तुर्कस्तानातील कुर्द लोकांना अशी कल्पना करावी लागत नव्हती. १९८३ साली तेथे एक कायदा झाला. त्यात कुर्दी भाषेचे नाव कोठेही नव्हते, पण प्रकाशनाचा मार्ग बंद झाला तो मुख्यतः तिचाच. लोक कॅसेट लपवून ऐकत आणि हातोहात पुढे देत. १९९१ साली तो कायदा रद्द झाला.

पुढच्याच वर्षी, १९९२ साली, आयनूर दोआन नावाची एक तरुण मुलगी इस्तंबूल शहरात आली. तिचा जन्म १९७५ सालचा, तुंजेली प्रांतातील चेमिशगेझेक या डोंगराळ भागातल्या गावचा. हा प्रांत कुर्द लोक आजही देरसिम या जुन्या नावाने ओळखतात. इस्तंबूलमध्ये ती रीतसर गाणे शिकली आणि साझ हे तंतुवाद्यही शिकली.

कुर्दांच्या गाण्याची परंपरा मोठी आहे. ‘देंगबेज’ म्हणजे आवाजातून सांगणारा. प्रेम, लढाया, ताटातूट, मरण या सर्वांच्या लांबलचक कथा हे गायक वाद्याच्या साथीशिवायही गात असत. ज्या समाजाचा इतिहास शाळेच्या पुस्तकात नव्हता, त्याचा इतिहास या गळ्यांनी सांभाळला. आयनूरने ती जुनी गाणी घेतली आणि त्यांना पियानो, गिटार व जॅझ संगीताची जोड दिली. २०१६ साली निघालेल्या ‘हावनियाझ’ या संग्रहात तिच्या आवाजाबरोबर इराणी कमांचा, कुर्दी तंबूर आणि अझरबैजानी कलावंताचा पियानो आहे. आम्ही कारकुनी करणारी माणसे. सुरांचे शास्त्र आम्हाला कळत नाही. कुर्दी भाषेतला एक शब्दही समजत नाही. पण नवी वाद्ये भोवती असूनही तो आवाज आपले गाव सोडत नाही, एवढे आमच्याही कानाला कळते.

आता मुख्य गोष्ट. २००४ साली तिचा ‘केचे कुर्दान’ हा संग्रह निघाला. नावाचा अर्थ कुर्दांची लेक. मूळ गाणे शिवान परवर या नामवंत गायकाचे. कुर्द मुलीने जागे व्हावे, पुढे यावे, असे ते सांगते. हेच गाणे एका बाईच्या तोंडून आले आणि २००५ साली दियारबकिर येथील न्यायालयाने संग्रहावर बंदी घातली. गाण्यातून फुटीरतेचा प्रचार होतो, असा ठपका होता. पुढे ती बंदी उठली. त्याच वर्षी फातिह अकिन या दिग्दर्शकाच्या इस्तंबूलच्या संगीतावरील माहितीपटात आयनूर जुन्या हमामात गाताना दिसली आणि तिचे नाव जगभर गेले.

२००९ च्या १ जानेवारीला तुर्की सरकारनेच कुर्दी भाषेची दूरदर्शन वाहिनी सुरू केली. आता प्रश्न मिटला, असे कोणालाही वाटेल. पण १५ जुलै २०११ रोजी इस्तंबूलच्या जॅझ महोत्सवात आयनूर कुर्दीत गाऊ लागली, तेव्हा श्रोत्यांतील काहींनी हुर्यो उडवली, हातातल्या वस्तू फेकल्या, राष्ट्रगीत सुरू केले. तिला रंगमंच सोडावा लागला. आदल्याच दिवशी कुर्दी बंडखोरांशी झालेल्या चकमकीत तेरा सैनिक मारले गेले होते. त्या तेरा घरांचे दुःख खरेच होते. पण त्याचा जाब एका गाणाऱ्या बाईला विचारणे, तिची भाषा हाच तिचा अपराध मानणे, हा कोणता न्याय?

२०२१ साली ‘वोमेक्स’ या जागतिक संगीत मेळाव्याने तिला मानाचा कलावंत पुरस्कार दिला. त्यानंतर वर्षही झाले नाही तोच, मे २०२२ मध्ये, तुर्कस्तानातील देरिंजे नगरपालिकेने तिचा ठरलेला कार्यक्रम रद्द केला. बाहेर सत्कार आणि घरी दार बंद!

कायदा एका दिवसात रद्द होतो, पण मनातली बंदी तशी उठत नाही, हेच या कहाणीतून आम्हाला दिसते. म्हणून कायद्यासाठी झगडावे लागतेच, आणि नंतर माणसांच्या कानांसाठीही झगडावे लागते. आयनूर ते काम गाऊन करते आहे. हुर्यो झाली, कार्यक्रम रद्द झाले, तरी तिने आपली भाषा बदलली नाही.

घरी मुलाबाळांना जवळ बसवून तिचे एखादे गाणे अवश्य ऐकवा. अर्थ कळणार नाही. पण गाणे संपल्यावर मुले विचारतील, हिला गाऊ का देत नव्हते? तेव्हा त्यांना ही हकीकत सांगा.