न्हाणीतील बंब धुमसतो तेव्हा

हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील पुष्कळ शेतकरी घरांची सकाळ बंब पेटविण्याने सुरू होते. सन २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून अनेक स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी आली. तथापि आठ-दहा माणसांच्या आंघोळीचे पाणी गॅसवर तापविणे खर्चाचे होते, आणि कपाशीची वेचणी संपली की पऱ्हाटी घरचीच असते. म्हणून तांब्याचा बंब अजून टिकून आहे. मात्र तो बिघडला म्हणजे घरातील बाईस तासभर फुंकणी घेऊन बसावे लागते. डोळे चुरचुरतात, लहान मूल खोकू लागते, पाणी मात्र कोमटच राहते. दोष बहुधा किरकोळ असतो. तो कोठे शोधावा हे ठाऊक नसल्यामुळेच बंबाला नावे ठेविली जातात.

बंबाची रचना साधी आहे. पाण्याच्या भांड्यातून मधोमध एक उभी नळी वर जाते. नळीच्या तळाशी जाळी व तिच्याखाली राखेची जागा असते. नळीतील हवा तापून हलकी होते व वर निघते; तिच्या जागी थंड हवा जाळीतून आत येते. ही ओढ चांगली असेल तर फुंकणीची गरजच पडत नाही. तेव्हा धूर होऊ लागला की प्रथम ओढ तपासावी. बंब पेटलेला असताना राखेच्या दाराशी जळती उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे आणि दोष जळणात आहे असे समजावे. धूर तेथेच घुटमळला किंवा उलट बाहेर आला तर वाट बंद आहे.

वाट बंद होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कालची राख. ती जाळीपर्यंत चढली की हवा शिरावयास जागा उरत नाही. पुढचे कारण काजळी. ओले जळण वापरणाऱ्या घरी नळीच्या आतून डांबरासारखा चिकट थर बसतो. तो नळी अरुंद करतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. बंब पूर्ण थंड असताना लांब काठीस नारळाची काथ्या घट्ट बांधून नळी वरून खाली घासावी. थंडीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा हे केले तर दहा मिनिटांचे काम आहे. वर्षभर टाळले तर अर्धा दिवस जातो. तिसरे कारण माणसाच्या घाईचे. हातभर लांबीची पऱ्हाटी नळीत कोंबून तिची टोके बाहेर ठेवली जातात. त्यामुळे नळी गच्च होते, ज्वाळा तोंडाबाहेर येते व छपराला धोका उत्पन्न होतो. पऱ्हाटी वीतभर तोडून, थोडी थोडी घालावी.

ओढ ठीक असूनही धूर होत असेल तर जळण ओले आहे. येथे थोडा हिशेब उपयोगी पडेल. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून पन्नास अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४५० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या एक किलो पऱ्हाटीत साधारणपणे साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता असते. निम्मी उष्णता वाया गेली असे धरले तरी एका बादलीस पाव किलोच्या आसपास जळण पुरावयास हवे. ज्या घरी याच्या तिप्पट-चौपट लागते तेथे पाणी नव्हे, जळणातील ओल तापविली जात आहे. एक किलो ओल वाफ होऊन जाताना सहाशेहून अधिक किलोकॅलरी घेऊन जाते, शिवाय आग मंद पडून न जळलेला धूर तेवढा उरतो. वाळलेली काडी मोडताना कट्कन आवाज होतो. ओली काडी वाकते. यापेक्षा वेगळ्या परीक्षेची जरुरी नाही.

परंतु पऱ्हाटी वाळवून घरामागे वर्षभर रचून ठेवणे हेही धोक्याचे आहे, आणि ग्रामसेवकांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. गुलाबी बोंडअळी न उमललेल्या बोंडांत व सरकीत सुप्त अवस्थेत राहते. पऱ्हाटीला लटकलेल्या कवडी बोंडांसह ती गंजीत येते आणि पावसाळ्याच्या सुमारास पतंग होऊन नव्या कपाशीवर जाते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातील कपाशीचे केवढे नुकसान केले हे येथील शेतकऱ्यांस सांगावयास नको. म्हणून पऱ्हाटी घरी आणण्यापूर्वी तिची बोंडे तोडून जाळून टाकावी, लागेल तेवढेच जळण ठेवावे व ते पावसाळ्यापूर्वी संपवावे. उरलेली पऱ्हाटी यंत्राने बारीक करून खतात घालावी.

अशा भुग्यापासून दाबयंत्रावर गोळ्या व कांड्याही करतात. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्राने या दिशेने काम केले आहे. गोळ्या कोरड्या व सारख्या आकाराच्या असल्याने चांगल्या जळतात, पण जुन्या बंबात त्या पोतेभर ओतून चालत नाहीत. त्या एकमेकींस चिकटून बसतात आणि हवा कोंडते. तळाची जाळी मोठ्या छिद्रांची असेल तर न जळताच खाली गळतात. मूठ-मूठ घालाव्या. दमट जागी ठेविल्यास त्या फुगून पुन्हा भुगा होतात.

आग उत्तम, धूर नाही, तरी पाणी लवकर तापत नाही, अशी तक्रार असेल तर भांड्याच्या आत पाहावे. विहिरीचे पाणी जड असेल तेथे नळीच्या बाहेरील अंगास पांढरी खपली धरते. चिंचेचे पाणी रात्रभर भरून ठेवून सकाळी खळखळून ओतल्यास बरीचशी सुटते. वाळूने घासू नये, कल्हई निघते. पांढरकवडा भागातील काही विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड आढळले आहे; ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचे प्रमाण वाढते. बंबाचे पाणी आंघोळीपुरतेच ठेवावे.

बंब गळू लागण्याचे मूळ बहुतेक वेळा एका विसरात असते: पाणी भरण्यापूर्वी जाळ केला जातो. पाणी असेपर्यंत तांबे शंभर अंशांच्या फार वर जात नाही. रिकाम्या बंबात ते इतके तापते की सांध्यांचा डाख वितळतो. मग तांबटाकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते. गळकी जागा माती किंवा चिंधीने बुजवून काम भागवू नये, आणि वाफ बाहेर पडण्याचे भोक तर कधीही बंद करू नये. कोंडलेली वाफ भांडे फोडते.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांस दिसत नाही. धूर संपून निखारे लाल झाले म्हणजे घरातील माणसे निर्धास्त होतात, दार लावून बंबाशेजारीच आंघोळीस बसतात. निखाऱ्यांतून त्या वेळी कार्बन मोनॉक्साइड वायू निघत असतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, घेरी, मळमळ ही त्याची लक्षणे. बंद न्हाणीत माणूस बेशुद्ध पडून दगावतो, आणि बाहेरच्यांस तो अजून आंघोळ करीत आहे असे वाटत राहते. बंब परसात किंवा पडवीत ठेवावा, पाणी बादलीने आत न्यावे. कोणी घेरी येऊन पडला तर प्रथम दार उघडून त्यास मोकळ्या हवेत आणावे व विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. कीटकनाशकांचे रिकामे डबे व खोकी बंबात जाळण्याची सवयही मोडावी; त्यांचा धूर विषारी असतो.

राहिली राख. तीत पालाश असते, म्हणून ती फेकू नये. पण शेणखतात मिसळल्यास खतातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. ती वेगळी साठवून शेतात पातळ पसरावी. येथील काळी जमीन बहुधा आधीच विम्ल असते, तेव्हा एकाच जागी ढीग करू नये. आणि सकाळची राख त्याच दिवशी गंजीजवळ नेऊ नये. वरून पांढरी दिसणाऱ्या राखेच्या पोटात संध्याकाळपर्यंत निखारा जिवंत असतो.