गर्द सुटते कशाने?

'पंधरा दिवस केंद्रात ठेवला की पोरगा साफ होऊन येतो', हा समज अजून पक्का आहे. त्या पंधरा दिवसांत गर्द (हेरॉइन) तुटल्यावरची टर्की उतरते, एवढंच: अंगदुखी, जुलाब, उलट्या, उडालेली झोप. ओढ शिल्लक राहते, शरीराची सवय मात्र मोडलेली असते. घरी आल्यावर त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो. पुढच्या उपचारांशिवाय नुसतं डिटॉक्स म्हणूनच धोक्याचं.

दुसरा समज चिवट आणि माझ्या मते जास्त घातक: 'एक नशा सोडवायला दुसरी नशा?' रोख असतो मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधांवर. गर्दचा अंमल काही तासांत ओसरतो, आणि माणसाचा दिवस पुढच्या पुडीमागे जातो. या औषधांचा परिणाम संथ आणि लांब टिकणारा असतो. योग्य मात्रेवर किक बसत नाही, टर्कीही येत नाही. माणूस कामाला जाऊ शकतो. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वँडर या डॉक्टरांनी मेथाडोनचा हा वापर रुजवला. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात मेथाडोन चालू असताना वर्षाला हजारी सुमारे ११ मृत्यू आढळले, उपचार सुटल्यावर ३६. सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत वाईट. तरीही 'आता बरा दिसतोय, बंद करा की' असा घरच्यांचा धोशा सुरू होतो. आपल्याकडे 'नाको'च्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सहसा कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायची असते. गैरवापराची शक्यता असतेच, म्हणून ही खबरदारी.

मग समुपदेशन, गटसभा फुकट? मुळीच नाही. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून याच वाटेने काम करतंय. फक्त गर्दच्या बाबतीत गप्पांनी औषधाची जागा घेऊ नये.

कोकेन, मेथ यांचं गणित उलटं. त्यांच्यावर असं मान्यताप्राप्त पर्यायी औषधच नाही. तिथे सर्वाधिक पुरावा आहे तो ऐकायला पोरकट वाटणाऱ्या पद्धतीला: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लहानसं बक्षीस.

राहिला 'साखळीने बांधल्याशिवाय सुधारत नाही' हा समज. मानसिक रुग्णाला साखळदंड घालायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे, आणि व्यसन त्या कायद्याच्या कक्षेत येतं. केंद्र निवडताना खोल्या पाहाच. पण डॉक्टर रोज येतात का, आणि घरी सोडल्यावर पुढे वर्षभर काय करता, हेही विचारा.