डग्ग्याची घुमक, दाराची खडखड

मैफल सुरू होण्याआधी तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोके देत बसतो. सोळाही घरं एका सुरात बोलली पाहिजेत. एखादं घर चढलेलं असेल तर खालून ठोका देऊन तो ते उतरवतो. मोटारीतल्या इक्वलायझरचं कामही असंच, सगळी घरं सारखी करण्याचं. टेलिफोनच्या लांबलचक तारांमधून जाताना वरच्या पट्टीचे आवाज जास्त क्षीण होत. ती तफावत मिटवणाऱ्या मंडलाला ‘इक्वलायझर’ हे नाव पडलं. गाण्यात ‘दम’ भरण्याची अपेक्षा त्याच्याकडून आपण नंतर करू लागलो.

नेहमीच्या दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरवर आकडे असतात ३१, ६२, १२५, २५० असे थेट १६ हजार हर्ट्झपर्यंत. प्रत्येक आकडा मागच्याच्या दुप्पट, म्हणजे गाणाऱ्याच्या भाषेत एक सप्तक वर. ३१ पट्ट्यांच्या यंत्रात एकेका सप्तकाचे तीन भाग पडतात. पण दोष काही पट्टी बघून येत नाही. म्हणून पॅरामेट्रिक इक्वलायझर आला. कोणती कंपनसंख्या, किती कमी-जास्त आणि किती रुंदीत, हे तिन्ही त्यात हवं तसं ठरवता येतं. ध्वनी अभियंते जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी त्यावरचा निबंध १९७२ साली मांडला. आजच्या डीएसपीत, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसरमध्ये, तोच विचार चिपवर चालतो.

गाडीत त्याची गरज भासते, कारण गाडी ही गाणं ऐकण्यासाठी बांधलेली खोली नव्हे. काचेवरून वरचे सूर परततात, सीटचा फोम ते पिऊन टाकतो, दाराचा पत्रा वूफरबरोबर स्वतःही गाऊ लागतो. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर, आणि आपली हॅचबॅक चार मीटरच्या आतली. इतकी लांब लहर बंद गाडीत मावत नाही. तिचा दाब आतल्या आत वाढतो आणि खर्ज आपोआप फुगतो. त्यावर हौसेने बास आणि ट्रेबल वर, मधल्या पट्ट्या खाली असा हसरा आकार काढला, की डग्गा छातीवर आदळतो आणि गायिका मागच्या डिकीत जाऊन बसते. माणसाचा गळा नेमका त्या मधल्या पट्ट्यांत असतो.

पट्टी वर सरकवणं फुकट नसतं. ३ डेसिबल वाढवायचे तर अ‍ॅम्पला दुप्पट ताकद लागते, ६ डेसिबलला चौपट. २० वॅटवर सुखाने चाललेल्या अ‍ॅम्पकडे एकदम ८० मागितले आणि तेवढे त्याच्याकडे नसले, तर लहरीचे माथे छाटले जातात. आवाज फाटतो, आणि त्या फाटण्यातून निघालेले वरचे सूर ट्विटरला जाळू शकतात. म्हणून जाणकार आधी चढलेलं उतरवतात.

आवाजातले काही खड्डे तर पट्टी वर करून भरताच येत नाहीत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. समजा, उजवा स्पीकर त्याच्या कानापासून ९० सेंटिमीटरवर आणि डावा १२५ सेंटिमीटरवर आहे. फरक ३५ सेंटिमीटर, म्हणजे ध्वनीचा साधारण एक मिलिसेकंदाचा प्रवास. ५०० हर्ट्झला ही जवळजवळ अर्धी लहर होते. एका बाजूची लहर चढत असताना दुसरीची उतरत असते आणि दोघी एकमेकींना गिळतात. पट्टी वर केली तर दोन्ही सारख्याच वाढतात आणि तितक्याच मिटतात. यावर उपाय इक्वलायझरमध्ये नाहीच. जवळच्या स्पीकरला एक मिलिसेकंद थांबायला सांगायचं, की खड्डा बराचसा बुजतो.

म्हणून पट्ट्यांना हात सगळ्यात शेवटी लागतो. आधी दारांना आतून डॅम्पिंग शीट. मग लाउडनेस, बास बूस्ट बंद आणि सगळ्या पट्ट्या शून्यावर. सबवूफर असेल तर साधारण ८० हर्ट्झखालचं काम त्याच्याकडे. मग आवाजाचा तोल, मग स्पीकरचा उशीर. त्यानंतर पिंक नॉइज लावतात. तो ऐकायला दूरच्या धबधब्यासारखा, पण प्रत्येक सप्तकात त्याची ऊर्जा सारखी. चालकाच्या कानाशी माइक हळूहळू फिरवत आलेख काढायचा आणि त्यातली उंच शिखरं खाली आणायची. मात्र आलेख अगदी सपाट केला तर गाणं कोरडं, टोचरं वाटतं. खर्ज थोडा वर आणि तार हलकेच उतरती, हा आकार कानाला रुचतो.

एवढं झाल्यावर माइक गुंडाळायचा आणि समोर बसून कधीतरी ऐकलेला तंबोरा, तबला, ओळखीचा गळा लावायचा. नंतर गाडी रस्त्यावर काढायची. टायरांची घरघर खर्जाचा थोडा वाटा खातेच. तेवढ्यापुरती एखादी पट्टी दोन डेसिबल चढवायला हरकत नाही. तबलजीही मध्यंतरानंतर हातोडी पुन्हा हातात घेतोच.