ओसरीवरचा सल्लागार

सोयाबीनचा पैसा हाती आला, की ओळखीचा कुणी ओसरीवर येऊन बसतो. पावसाचा, भावाचा भरवसा नाही, पैसा ‘चांगल्या ठिकाणी’ गुंतवा म्हणतो. त्याच्या मनात कपट असतेच असे नाही. पीएसीएल कंपनीने शेतजमिनीच्या नावावर सुमारे ४९,१०० कोटी रुपये गोळा केले. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘सेबी’ने ते परत करण्याचा आदेश दिला. तिचे अनेक एजंट गावातलेच होते. लोकांचे पैसे अडकले, आणि एजंटांना भावकीत तोंड दाखवणे अवघड झाले.

तेव्हा चहा देतानाच विचारा, “दादा, यात तुमचे कमिशन किती? मध्येच बैल घ्यायचा झाला, तर पैसे किती दिवसांत आणि किती कापून मिळतील?” जाणता सल्लागार रागावत नाही, उलट त्याचीही मान मोकळी राहते. बी-बियाण्याचा, दवाखान्याचा पैसा बँकेतच ठेवा. तेथे एका बँकेतल्या ठेवीला व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. बोलणे चालू असताना घरच्या बाईलाही जवळ बसवा. आणि पावती कंपनीच्या नावाची, त्याच दिवशी घ्या. एजंटाच्या वहीतली नोंद म्हणजे पावती नव्हे.