बंदूक एक, खांदे अनेक

सिगारेट कंपन्या आपली लढाई स्वतःच्या नावाने क्वचितच लढल्या. बंदूक त्यांची, खांदा दुसऱ्याचा. आणि हे आपल्याला कळलं ते त्यांच्याच कपाटांतल्या कागदांवरून! तंबाखूच्या कहाणीतलं मला सर्वांत थक्क करणारं प्रकरण हेच वाटतं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 1994 मध्ये कंपन्यांवर खटला भरला. धूम्रपानाच्या आजारांवर सरकारी तिजोरीतून झालेला खर्च भरून द्या, ही मागणी. पण राज्याच्या वकिलांनी पैशांइतकाच जोर कागदांवर दिला. 1998 मध्ये तडजोड झाली तेव्हा अंतर्गत टिपणं, पत्रं, बैठकांची इतिवृत्तं, प्रचाराचे आराखडे लोकांसाठी खुले करणं कंपन्यांना भाग पडलं. आज सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात अशी 1 कोटी 40 लाखांहून अधिक कागदपत्रं आहेत. रत्नागिरीतला विद्यार्थीसुद्धा ती मोबाइलवर उघडून वाचू शकतो.

पहिला खांदा विज्ञानाचा. 1953 मध्ये सिगारेटच्या धुरातलं डांबर उंदरांच्या कातडीवर लावलं तर कर्करोगाच्या गाठी होतात, असा प्रयोग प्रसिद्ध झाला. डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मोठ्या कंपन्यांचे प्रमुख एकत्र आले आणि त्यांनी जनसंपर्कात मुरलेल्या जॉन हिल यांच्या संस्थेला हाताशी धरलं. ठरलं ते असं, की विज्ञानाला खोटं म्हणायचं नाही. अजून संशोधन हवं, असं म्हणत राहायचं. 4 जानेवारी 1954 रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांचं निवेदन झळकलं. त्यात वाचकांच्या आरोग्याची काळजी होती आणि संशोधनाला पैसा देण्याचं वचनही. पुढे 1969 मधल्या एका कंपनीच्या टिपणात तर सरळ लिहिलेलं सापडतं, की आपण विकतो तो माल म्हणजे शंका. हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्या शंकेच्या आडोशाला उद्योगाला कित्येक दशकं मिळाली आणि तेवढ्या काळात माणसं मरत राहिली.

दुसरा खांदा शेतकऱ्याचा. या कागदांच्याच आधारे तज्ज्ञांच्या एका समितीने 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल दिला. तंबाखू उत्पादकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना कंपन्यांच्या पैशावर कशी उभी राहिली आणि गरीब देशांच्या प्रतिनिधींपर्यंत शेतकऱ्याच्या तोंडून कंपनीचं म्हणणं कसं पोचवलं गेलं, ते त्यात आहे. शेतकऱ्याची चिंता खरी होती. तिचा असा वापर व्हावा, याचा मला राग येतो.

पण खरी कमाल पुढे आहे. खांदा म्हणून अख्खे देश सापडले!

ऑस्ट्रेलियाने एप्रिल 2010 मध्ये जाहीर केलं, की सिगारेटची सगळी पाकिटं एकाच मळकट रंगाची होतील. बोधचिन्ह नाही, झगमगाट नाही. कंपनीचं नाव साध्या अक्षरांत आणि बाकी रोगांची चित्रं. फेब्रुवारी 2011 मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट समूहाच्या हाँगकाँगमधल्या कंपनीने समूहाच्याच ऑस्ट्रेलियातल्या कंपनीची मालकी आपल्याकडे घेतली. कशासाठी? हाँगकाँग आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात 1993 चा गुंतवणूक करार होता, आणि त्याच्या आधारे हाँगकाँगचा गुंतवणूकदार ऑस्ट्रेलियन सरकारला आंतरराष्ट्रीय लवादासमोर उभं करू शकत होता. तसा दावा तिने लावलाही, पण डिसेंबर 2015 मध्ये लवादाने तो ऐकायलाच नकार दिला. तंटा समोर दिसत असताना केवळ कराराचा आधार मिळवण्यासाठी मालकी फिरवणं म्हणजे हक्काचा गैरवापर, असं त्याने ठरवलं.

त्याच कायद्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत पहिली तक्रार नोंदवली कुणी? युक्रेनने. ज्याची तंबाखू ऑस्ट्रेलियात जवळजवळ जातच नव्हती, त्या युक्रेनने! पाठोपाठ होंडुरास आणि डॉमिनिकन रिपब्लिक आले. तक्रारदार देशांना कायदेशीर मदत करत असल्याचं ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोने मान्यही केलं. युक्रेनने 2015 मध्ये माघार घेतली आणि 2020 मध्ये अपिलातही ऑस्ट्रेलियाच जिंकला.

उरुग्वेची गोष्ट मला याहून जवळची वाटते. जेमतेम 34 लाख वस्तीचा देश. फिलिप मॉरिसची वर्षाची उलाढाल तेव्हा त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा मोठी होती. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ताबारे वाझकेझ स्वतः कर्करोगतज्ज्ञ. त्यांच्या सरकारने पाकिटाचा 80 टक्के भाग इशाऱ्याला दिला. 2010 मध्ये फिलिप मॉरिसने स्वित्झर्लंड आणि उरुग्वेच्या कराराखाली दावा लावला. उरुग्वे वाकला नाही. जुलै 2016 मध्ये तो जिंकला, आणि त्याच्या खर्चापोटी 70 लाख डॉलर द्यायचा आदेश कंपनीला झाला.

आपल्याकडेही पाकिटावरच्या चित्राचीच लढाई झाली. इशारा 85 टक्के भागावर छापायचा नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायचा होता. मार्चमध्ये संसदेच्या एका समितीने तो थांबवायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांचं म्हणणं असं, की तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतातले नाहीत. विडीच्या धंद्यातले एक खासदारही समितीत होते. इथे कुणी कुणाला काही सांगितलं होतं असं मी म्हणत नाही. पण ‘आधी आणखी अभ्यास होऊ द्या’ हा युक्तिवाद प्लाझा हॉटेलात जन्मलेला आहे, हे कागद वाचलेल्याला लगेच ओळखू येतं.

आणि अभ्यास तर होता, तोही महाराष्ट्रातलाच! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी इथल्या 1,01,761 खेडुतांची तोंडं तपासून तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याच्या पूर्वलक्षणांचा अभ्यास केला. तो 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे समितीच्या त्या शिफारशीच्या 43 वर्षं आधी.

वर्षभर लांबलेला नियम 1 एप्रिल 2016 ला लागू झाला. डिसेंबर 2017 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्यामुळे पाकिटावरचं चित्र अजून तेवढंच मोठं आहे.